पॅसिफिक समाजांसाठी ग्रंथालय सेवा (न्यूझीलंड)

न्यूझीलंडमधील पॅसिफिक समाजांसाठी ग्रंथालय सेवा म्हणजे प्रशांत महासागरातील बेटांवरून न्यूझीलंडमध्ये येऊन स्थायिक झालेल्या लोकांच्या व त्यांच्या वंशजांच्या भाषिक, शैक्षणिक आणि सांस्कृतिक गरजा ओळखून तेथील सार्वजनिक, शालेय, विद्यापीठीय व राष्ट्रीय ग्रंथालये पुरवीत असलेल्या सेवा होत. पॅसिफिक भाषांतील पुस्तकांचे संग्रह, बालकांसाठी मातृभाषेतील कथावाचन, गृहपाठ केंद्रे, वारसा साहित्याचे जतन, डिजिटल संग्रह आणि समाजातीलच ग्रंथपालांची नेमणूक ही या सेवांची प्रमुख अंगे आहेत. बहुसांस्कृतिक समाजात अल्पसंख्य भाषा टिकवण्यासाठी ग्रंथालय काय करू शकते, याचे उदाहरण म्हणून ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासात या सेवांचा विचार केला जातो.

संज्ञा आणि व्याप्ती

‘पॅसिफिक समाज’ किंवा ‘पासिफिका’ ही न्यूझीलंडमध्ये रूढ झालेली सामूहिक संज्ञा आहे. तिच्यात सामोआ, टोंगा, कुक बेटे, नियुए, टोकेलाऊ, फिजी, तुवालू, किरिबाटी, रोटुमा इत्यादी बेटांशी नाते सांगणारे लोक येतात. न्यूझीलंडचे मूळ निवासी असलेले माओरी हेही पॉलिनेशियन वंशाचे असले, तरी त्यांची गणना स्वतंत्रपणे केली जाते आणि त्यांच्यासाठीच्या ग्रंथालय सेवांना वायटांगी कराराचा निराळा आधार आहे.

‘पासिफिका’ हा शब्द सोयीचा असला तरी तो एका समाजाचा निर्देश करीत नाही. सामोअन, टोंगन, कुक बेटांवरील माओरी, नियुअन व टोकेलाऊअन या भाषा एकाच कुळातील आहेत; परंतु मराठी, गुजराती आणि बंगाली या एका कुळातील भाषा असूनही एकीचे पुस्तक दुसरीच्या वाचकाला आपोआप वाचता येत नाही, तसेच येथेही आहे. ‘पॅसिफिक पुस्तके’ या एकाच पाटीखाली सामोअन पुस्तके ठेवून टोंगन किंवा नियुअन वाचकाची गरज भागत नाही. त्यामुळे सेवेचे नियोजन करताना परिसरात कोणत्या बेटांवरील कुटुंबे राहतात, याची पाहणी ही पहिली पायरी ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या बेटांपैकी अनेकांचा न्यूझीलंडशी संबंध वसाहतकाळापासूनचा आहे. कुक बेटे १९०१ मध्ये न्यूझीलंडला जोडली गेली. जर्मनीच्या ताब्यातील सामोआ न्यूझीलंडच्या सैन्याने १९१४ मध्ये घेतले आणि १९६२ मध्ये ते स्वतंत्र झाले. कुक बेटांना १९६५ मध्ये व नियुएला १९७४ मध्ये न्यूझीलंडशी मुक्त सहबंध राखून स्वशासन मिळाले. टोकेलाऊ आजही न्यूझीलंडच्या अधिपत्याखाली आहे. कुक बेटे, नियुए व टोकेलाऊ येथील लोक न्यूझीलंडचे नागरिक असल्याने त्यांना तेथे येऊन राहण्यास अडथळा नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना कामगारांची टंचाई भासू लागली व बेटांवरून स्थलांतर वाढले. १९४५ मध्ये न्यूझीलंडमध्ये पॅसिफिक वंशाचे लोक सुमारे दोन हजार होते. १९७६ मध्ये ही संख्या ६५ हजारांच्या घरात गेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर अर्थव्यवस्था मंदावली तेव्हा परवान्याची मुदत संपूनही राहणाऱ्यांचा शोध घेण्याच्या नावाखाली पोलिसांनी पहाटे घरांवर धाडी घातल्या. १९७४ ते १९७६ या काळातील या कारवाया ‘पहाटेच्या धाडी’ म्हणून ओळखल्या जातात. पुढे १९८५-८६ च्या आकडेवारीवरून असे दिसून आले, की मुदत संपून राहणाऱ्यांमध्ये पॅसिफिक लोकांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश असताना खटले भरलेल्यांमध्ये ते ८६ टक्के होते. १ ऑगस्ट २०२१ रोजी तत्कालीन पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंड येथे शासनाच्या वतीने या धाडींबद्दल औपचारिक क्षमायाचना केली.

ग्रंथालय सेवेच्या दृष्टीने या इतिहासाला महत्त्व आहे. सार्वजनिक ग्रंथालयात सभासद होताना नाव आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या पिढीने सरकारी ओळखपत्राच्या मागणीचा अनुभव पोलिसांच्या धाडीतून घेतला, तिला ग्रंथालयाचा अर्जही निर्धास्तपणे भरता येईलच असे नाही. याच काळात समाजाने स्वतःची सोय स्वतः केली. १९७१ मध्ये ऑकलंडच्या पॉन्सनबी भागात स्थापन झालेल्या पॉलिनेशियन पँथर्स या तरुणांच्या संघटनेने मुलांसाठी गृहपाठ केंद्रे चालवली व कायदेविषयक हक्कांची माहिती देणारी पुस्तिका वाटली. पुढे सार्वजनिक ग्रंथालयांनी दिलेल्या सेवेचे हे एक पूर्वरूप मानता येईल.

लोकसंख्या आणि भाषास्थिती

२०१८ च्या जनगणनेनुसार न्यूझीलंडमध्ये पॅसिफिक वंशाचे ३,८१,६४२ लोक होते. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण ८.१ टक्के होते. २०२३ मध्ये ही संख्या ४,४२,६३२ (८.९ टक्के) झाली. २०१८ मध्ये त्यांत सुमारे १ लाख ८२ हजार सामोअन, ८२ हजार टोंगन, ८० हजार कुक बेटांचे आणि ३० हजार नियुअन लोक होते. जवळजवळ दोन तृतीयांश लोकांचा जन्म न्यूझीलंडमध्येच झालेला होता आणि तेवढ्याच प्रमाणात लोक ऑकलंड परिसरात राहत होते. मांगेरे-ओताहुहू विभागात तर निम्म्याहून अधिक रहिवासी पॅसिफिक वंशाचे आहेत.

इंग्रजी व माओरी यांच्यानंतर सामोअन ही न्यूझीलंडमध्ये सर्वाधिक बोलली जाणारी भाषा आहे. इतर भाषांची स्थिती मात्र चिंताजनक आहे. नियुए बेटावर दोन हजारांहून कमी लोक राहतात, तर न्यूझीलंडमध्ये नियुअन वंशाचे लोक त्याच्या पंधरापटीहून अधिक आहेत. कुक बेटे व टोकेलाऊ यांचीही बहुसंख्य प्रजा आता न्यूझीलंडमध्ये आहे. न्यूझीलंडमधील कुक बेटांच्या वंशजांपैकी साधारण दहांत एकालाच पूर्वजांची भाषा बोलता येते. म्हणजे या भाषांचे भवितव्य मूळ बेटांपेक्षा ऑकलंड आणि वेलिंग्टनच्या उपनगरांत ठरणार आहे. इतर स्थलांतरितांच्या भाषांना मायदेशी कोट्यवधी बोलणाऱ्यांचा आधार असतो. नियुअन किंवा टोकेलाऊअन भाषेला तसा आधार नाही. या भाषांतील पुस्तके जपण्याची ग्रंथालयाची जबाबदारी त्यामुळे अधिक जड होते.

व्यवस्था आणि कायदेशीर आधार

न्यूझीलंडमधील सार्वजनिक ग्रंथालये स्थानिक नगर वा जिल्हा परिषदा चालवतात. २००२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार परिषद ग्रंथालय चालवत असेल, तर तेथील रहिवाशांना विनामूल्य सभासदत्व देणे तिला बंधनकारक आहे. ऑकलंड व आसपासच्या परिषदांचे २०१० मध्ये एकीकरण झाले, तेव्हा त्यांच्या ग्रंथालयांचीही ५५ शाखांची एक व्यवस्था तयार झाली. पूर्वीच्या मानुकाऊ शहरातील ओतारा, मांगेरे इत्यादी शाखा या व्यवस्थेत आल्या. वेलिंग्टनजवळील पोरिरुआ शहरातील कॅनन्स क्रीक शाखाही मोठ्या पॅसिफिक वस्तीत आहे.

राष्ट्रीय ग्रंथालयाचा एक भाग असलेल्या अलेक्झांडर टर्नबुल ग्रंथालयावर २००३ च्या कायद्याने न्यूझीलंडबरोबरच पॅसिफिक अभ्यासासाठीही संशोधन संग्रह वाढवण्याची जबाबदारी सोपवली आहे. कँटरबरी विद्यापीठातील मॅकमिलन ब्राउन ग्रंथालय व ऑकलंड विद्यापीठातील न्यूझीलंड-पॅसिफिक संग्रह हे उच्च अभ्यासासाठी उपयोगी पडतात. आंतरराष्ट्रीय पातळीवर ग्रंथालय संघटनांच्या महासंघाने २००६ मध्ये स्वीकारलेल्या आणि युनेस्कोने २००९ मध्ये पाठिंबा दिलेल्या बहुसांस्कृतिक ग्रंथालय जाहीरनाम्याचा आधार या सेवांना आहे. अल्पसंख्यांसाठीची सेवा मूळ सेवेपासून तुटक वा तिला जोडलेले शेपूट असू नये, अशी या जाहीरनाम्याची भूमिका आहे.

संग्रह

पॅसिफिक भाषांत छापील वाङ्मयाचा आरंभ ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या मुद्रणालयांतून झाला. संपूर्ण बायबल रारोटोंगन भाषेत १८५१ मध्ये, सामोअनमध्ये १८५५ मध्ये व टोंगनमध्ये १८६२ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे बेटांवर साक्षरता लवकर पसरली. मात्र वाचन चर्चशी आणि धर्मग्रंथाशी बांधले गेले. आजही अनेक पॅसिफिक घरांत मातृभाषेतील बायबल व स्तोत्रसंग्रह असतात, पण त्याच भाषेतील कथा-कादंबरी असेलच असे नाही. ही उणीव भरून काढणे हे सार्वजनिक ग्रंथालयाचे काम ठरते.

पुस्तकांची उपलब्धता हा यातील मोठा अडसर आहे. वाचकसंख्या लहान असल्याने प्रकाशक थोडे व आवृत्त्या लहान असतात आणि संपलेले पुस्तक पुन्हा मिळेलच याची शाश्वती नसते. न्यूझीलंडच्या शिक्षण मंत्रालयाने शाळांसाठी काढलेली ‘तुपू’ ही वाचनमाला सामोअन, टोंगन, कुक बेटांवरील माओरी, नियुअन व टोकेलाऊअन या पाच भाषांत असल्याने बालविभागाला तिचा आधार मिळतो. ‘तुपू’ या शब्दाचा अर्थ ‘वाढणे’ असा होतो.

इंग्रजीत लिहिणाऱ्या पॅसिफिक लेखकांचे साहित्य हा संग्रहाचा दुसरा भाग होय. अल्बर्ट वेंट यांची ‘सन्स फॉर द रिटर्न होम’ (१९७३) ही कादंबरी न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या सामोअन तरुणाची कथा सांगते. टोंगन वंशाचे एपेली हाउओफा, सामोआच्या सिया फिगिएल, तसेच २०१७ ते २०१९ या काळात न्यूझीलंडच्या राष्ट्रीय कवी असलेल्या सेलिना तुसिताला मार्श ही या साहित्यातील महत्त्वाची नावे आहेत. ज्या तरुणांना पूर्वजांची भाषा येत नाही, त्यांना आपल्या समाजाचे चित्र प्रथम या इंग्रजी पुस्तकांतच भेटते.

वर्गीकरण आणि तालिका

ड्यूई दशांश वर्गीकरण पद्धतीत पॅसिफिकविषयक पुस्तके दूरदूरच्या कपाटांत विखुरली जातात. पॉलिनेशियन भाषांचे व्याकरण व कोश ४९९.४ या क्रमांकाखाली, त्या भाषांतील साहित्य ८९९.४ खाली, पॉलिनेशियाचा इतिहास ९९६ खाली, तर पॅसिफिक लेखकांच्या इंग्रजी कादंबऱ्या इंग्रजी साहित्याच्या ८२० च्या वर्गात जातात. एकाच समाजाची पुस्तके शोधणाऱ्या वाचकाला चार ठिकाणी फिरावे लागते. यावर उपाय म्हणून अनेक शाखांत स्वतंत्र पासिफिका विभाग ठेवून भाषेनुसार रंगीत चिठ्ठ्या लावणे सोयीचे ठरते. या उपायालाही दुसरी बाजू आहे. पॅसिफिक लेखकाची कादंबरी केवळ त्या विभागातच ठेवली, तर इतर वाचकांच्या नजरेला ती पडत नाही. शक्य तेथे दोन प्रती घेऊन एक प्रत सर्वसाधारण कादंबऱ्यांत ठेवल्यास ही अडचण दूर होते.

लेखनचिन्हांचा प्रश्नही तालिकेशी निगडित आहे. पॉलिनेशियन भाषांत दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात व कंठ्य स्पर्शध्वनीसाठी अवतरणचिन्हासारखे अक्षर वापरतात. मराठीत ‘दिन’ म्हणजे दिवस व ‘दीन’ म्हणजे गरीब, तसे सामोअन भाषेत ‘तमा’ या शब्दाचा अखेरचा स्वर ऱ्हस्व असता मुलगा आणि दीर्घ असता वडील असा अर्थ होतो. जुन्या नोंदींत ही चिन्हे गाळलेली असल्यास चिन्हांसह शोधणाऱ्याला पुस्तक सापडत नाही आणि चिन्हे असतील, तर ती न वापरणाऱ्याला अडचण येते. दोन्ही प्रकारे शोध घेता यावा अशी संगणकीय तालिकेची रचना करणे आणि ग्रंथनामे त्या भाषेच्या शुद्धलेखनाप्रमाणे नोंदवणे, हे त्यावरचे उत्तर आहे.

बालक, तरुण आणि कुटुंब

सामोअन भाषेत ग्रंथालयाला ‘फालेतुसी’ म्हणतात. ‘फाले’ म्हणजे घर आणि ‘तुसी’ म्हणजे पुस्तक. या शब्दाची घडण ‘ग्रंथालय’ या शब्दासारखीच आहे. पॅसिफिक वस्तीतील ग्रंथालय घरासारखे असावे, ही अपेक्षा तेथील उपक्रमांतूनही दिसते. लहान मुलांसाठी मातृभाषेतील बडबडगीते व कथावाचन होते. सामोअन बालवाड्यांना ‘आओगा आमाता’ म्हणतात. अशा बालवाड्यांची मुले ग्रंथालयात आली, तर मुलांबरोबर त्यांच्या आज्या-आजोबांनाही ग्रंथालयाची ओळख होते. भाषा येणारी पिढी ही आजी-आजोबांची असल्याने त्यांचा सहभाग हा या उपक्रमांचा कणा होय.

सामोअन भाषा सप्ताह २००७ पासून साजरा होतो. पुढे टोंगन, कुक बेटे, नियुअन, टोकेलाऊअन, फिजीयन इत्यादी भाषांचेही सप्ताह सुरू झाले. या काळात ग्रंथालये पुस्तकांची मांडणी, कथाकथन, गायन व हस्तकलेचे वर्ग आयोजित करतात.

ऑकलंडच्या ओतारा परिसरातील ‘तुपू’ युवा ग्रंथालय मुले व तरुण यांना समोर ठेवून उभारले गेले. मोठ्या कुटुंबात राहणाऱ्या विद्यार्थ्याला शांत जागा, टेबल, संगणक आणि इंटरनेट या गोष्टी घरी मिळतातच असे नाही. शाळा सुटल्यावर ग्रंथालयाने त्या पुरवणे ही त्याच्या शिक्षणाची प्रत्यक्ष मदत ठरते. ओताहुहू येथील तोइया या २०१५ मध्ये सुरू झालेल्या संकुलात ग्रंथालय, जलतरण तलाव व क्रीडाकेंद्र एकत्र आहेत. पोहायला आलेले कुटुंब सहजच पुस्तकांच्या दालनात येऊ शकते.

विलंब शुल्काचा प्रश्नही याच संदर्भात पाहावा लागतो. चार-पाच मुलांनी नेलेल्या पुस्तकांचा साचलेला दंड श्रमिक कुटुंबाला जड वाटतो. मग दंडाच्या धास्तीने मुलांना ग्रंथालयात पाठवणेच बंद होते. ऑकलंडच्या ग्रंथालयांनी २०२१ मध्ये विलंब शुल्क रद्द केले. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई मात्र आजही द्यावी लागते.

मौखिक परंपरा आणि वारसा साहित्य

पॅसिफिक समाजांत वंशावळी, वक्तृत्व, गीते व नौकानयनाचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मौखिक परंपरेने आले. त्यामुळे ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे व पत्रव्यवहार यांना छापील पुस्तकाइतकेच मोल आहे. येथे ग्रंथालयाच्या ‘सर्वांना सर्व खुले’ या तत्त्वाला मर्यादा पडतात. सामोअन समाजात ‘गाफा’ म्हणजे वंशावळ ही कुटुंबाची ठेव मानली जाते. तिच्यावर पदव्यांचे व जमिनीचे हक्क अवलंबून असतात. अशी सामग्री कोणी पाहावी, प्रत कोणाला द्यावी व संकेतस्थळावर काय ठेवावे, हे संबंधित कुटुंबांशी चर्चा करून ठरवणे उचित मानले जाते.

कॅनबेरा येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या पॅसिफिक हस्तलिखित कार्यालयाने बेटांवरील कागदपत्रांच्या सूक्ष्मफिती करून त्या विविध ग्रंथालयांना उपलब्ध करून दिल्या. २०२० मध्ये न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सहकार्याने व ऑस्ट्रेलियन शासनाच्या अर्थसाहाय्याने ‘डिजिटल पासिफिक’ हे संकेतस्थळ सुरू केले. जगभरातील संग्रहालये व ग्रंथालयांत विखुरलेल्या पॅसिफिक वारशाच्या डिजिटल नोंदी त्यावर एकत्र पाहता येतात. वस्तू दूरच्या देशांत असल्या तरी त्यांची प्रतिमा बेटावरील विद्यार्थ्यालाही पाहता येते. मात्र मूळ वस्तूंच्या मालकीचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

फिजीतील भारतीय वंशाचे वाचक

१८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६० हजार भारतीय मजूर करारावर, म्हणजेच ‘गिरमिट’वर, फिजीत नेले गेले. त्यांच्या वंशजांपैकी अनेक जण, विशेषतः १९८७ च्या लष्करी उठावांनंतर, न्यूझीलंडमध्ये गेले. तेथील जनगणनेत त्यांची गणना सामान्यतः आशियाई गटात होते, परंतु त्यांच्यातील अनेक जण स्वतःला पॅसिफिकचेच मानतात. ग्रंथालयापुढे हा प्रश्न पुस्तकाच्या रूपाने येतो. सुब्रमणी यांची ‘डउका पुरान’ (२००१) ही कादंबरी फिजी हिंदीत व देवनागरी लिपीत आहे. वर्गीकरणाप्रमाणे ती हिंदी साहित्याच्या ८९१.४३ या क्रमांकाकडे, म्हणजे भारतीय भाषांच्या कपाटात जाते. पण तिचा भूप्रदेश, अनुभव आणि बोली ही फिजीची आहेत. पासिफिका विभागाच्या सीमा वंशावरून आखाव्यात की भूमीवरून, याचे सर्वमान्य उत्तर नाही.

कर्मचारी

वाचकाची भाषा बोलणारा ग्रंथपाल काउंटरवर असणे हा सेवेचा सर्वांत परिणामकारक भाग मानला जातो. न्यूझीलंडच्या ग्रंथालय संघाअंतर्गत पॅसिफिक माहिती व्यवस्थापन जाळे हा गट या समाजातील ग्रंथपालांना एकत्र आणतो. पॅसिफिक कर्मचाऱ्यांवर मात्र अनेकदा दुहेरी भार पडतो. नेमून दिलेल्या कामाबरोबरच भाषांतर, चर्चशी संपर्क, स्वागतसमारंभ व सांस्कृतिक सल्ला ही कामेही त्यांच्याकडेच येतात. कामाच्या वर्णनपत्रात व वेतनात त्यांची नोंद व्हावी, अशी अपेक्षा रास्त ठरते.

मर्यादा आणि मूल्यमापन

या सेवांवरील टीकेचे मुद्दे मुख्यतः तीन आहेत. पहिला म्हणजे त्या सप्ताहापुरत्या मर्यादित राहण्याचा धोका. वर्षातून सात दिवस सजवलेले कपाट उरलेल्या काळात रिकामे राहिले, तर भाषेला त्याचा उपयोग होत नाही. दुसरा म्हणजे लहान समाजांकडे होणारे दुर्लक्ष. ‘पॅसिफिक’ म्हटले की सामोअन व टोंगन यांचा विचार होतो, परंतु तुवालू किंवा किरिबाटीच्या वाचकाच्या वाट्याला फारसे काही येत नाही. तिसरा म्हणजे आर्थिक अनिश्चितता. परिषदेच्या अंदाजपत्रकात काटछाट झाली, की उघडण्याचे तास व उपक्रम यांवर प्रथम परिणाम होतो आणि घरी संगणक नसलेल्या वाचकाला त्याची झळ अधिक बसते.

देवघेवीच्या आकड्यांवरून या सेवांचे यश मोजणे अपुरे ठरते. नियुअन भाषेतील एखादे बालपुस्तक वर्षभरात मोजक्याच वेळा घरी नेले जाईल. केवळ आकडा पाहिल्यास ते बाद करण्याच्या यादीत जाईल. पण त्या भाषेत छापलेली पुस्तकेच थोडी असल्याने प्रत्येक प्रतीचे महत्त्व वेगळे असते. न्यूझीलंड शासनाने २०२२ ते २०३२ या कालावधीसाठी पॅसिफिक भाषांविषयीचे धोरण आखले आहे. भाषा प्रथम घरात व बालवाडीत टिकते हे खरे असले, तरी आईवडिलांना ती येत नसलेल्या घरांत मुलाला ती ऐकता व वाचता येण्याच्या जागा थोड्याच उरतात. सार्वजनिक ग्रंथालय ही त्यांपैकी विनामूल्य आणि सर्वांना खुली असलेली जागा आहे.